बकुळ : तो की ती?

मूल जन्माला येण्याआधीच त्याच्या नावाचा शोध सुरू व्हावा, ही रीत महाराष्ट्रात फार जुनी नाही. एके काळी नाव शोधावे लागत नसे. ते ठरलेलेच असे. पहिला नातू आजोबांचे नाव घेऊन येई, दुसऱ्याच्या वाट्याला कुलदैवत येई, आणि मुलीसाठी गंगा, गोदा, यमुना, काशी होत्याच. बाराव्या दिवशी आत्याने पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात कुर्र करावे आणि वडीलधाऱ्यांनी आधीच मुक्रर केलेले नाव चारचौघांत जाहीर व्हावे, एवढाच तो सोहळा. आज स्थिती पालटली आहे. नाव दुर्मीळ हवे, अर्थपूर्ण हवे, उच्चाराला सोपे हवे, आणि आळीत किंवा वर्गात दुसऱ्या कोणाचे नसावे, या अटी आता सर्वसामान्य झाल्या आहेत. त्यांत अलीकडे आणखी एका अटीची भर पडली आहे : नाव मुलगा आणि मुलगी या दोघांनाही शोभेल असे असावे.

या शेवटच्या अटीवर वडील पिढी नाक मुरडते. नावावरून मुलगा की मुलगी हेही कळू नये, मग नाव ठेवावे तरी कशाला, असा प्रश्न केला जातो. आणि हे खूळ परदेशातून आले असले पाहिजे, असे त्याचे उत्तरही प्रश्नकर्त्यानेच देऊन टाकलेले असते. या प्रश्नाचा निकाल तत्त्वचर्चेने लागण्यासारखा नाही. त्यापेक्षा एखादे नाव घ्यावे, ते कोठून आले आणि आजवर कोणाकोणाला लाभले हे पाहावे, म्हणजे या आक्षेपात कितपत तथ्य आहे ते आपोआप उघड होईल. असे एक नाव आहे बकुळ. फारसे प्रचारात नसलेले. पण जेथे आहे तेथे स्त्रियांचेही आणि पुरुषांचेही.

या नावाचा उघड अर्थ सांगायला कोश लागत नाही. कोकणात आणि गोव्यात देवळाच्या आवारात हे सदाहरित, दाट सावलीचे झाड हमखास आढळते. त्याची फुले इतकी लहान, की झाडावर असताना नजरेत भरू नयेत. पहाटे त्यांचा खाली सडा पडतो, तेव्हा ती दिसतात. बदामी रंगाची, चक्राकार पाकळ्यांची, मधोमध नेमके एक भोक असलेली ही फुले ओवायला सुईसुद्धा लागत नाही. केळीच्या सोपटाचा धागा पुरतो. गोव्यात त्यांना ओंवळ म्हणतात. इतर फुले सुकली की त्यांचे निर्माल्य होते. बकुळीचे फूल सुकले तरी त्याचा वास जात नाही. जुन्या पोथ्यांत आणि लुगड्यांच्या घडीत ही फुले जपून ठेवली जात ती त्यामुळेच. मराठी सोनारांनी तर या फुलाचा घाट घेऊन बकुळीहार घडवला. झाडाची साल हिरड्यांच्या विकारांवर वापरतात, आणि पिकलेले पिवळट नारिंगी फळ खाल्ले तर तोंडाला मिठी बसते, हेही ज्यांचे बालपण अशा झाडाखाली गेले आहे त्यांना सांगायला नको.

हेच झाड हिंदी मुलखात मौलसिरी होते, गुजरातेत बोरसली, आंध्रात पोगड, आणि तमिळनाडूत मगिळ. आनंदणे या अर्थाचे तमिळ क्रियापदही तेच. केरळातल्या नावाचा प्रवास तर सातासमुद्रापार गेला. कोचीनचा डच गव्हर्नर वान र्‍हीड याने मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध करविला. त्या कामी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचे साहाय्य त्याला झाले होते आणि त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. त्या ग्रंथात या झाडाला ‘इलेंगी’ म्हटले होते. लिनियसने १७५३ मध्ये तेच नाव उचलून ‘मिम्युसॉप्स इलेंगी’ असे शास्त्रीय नाव मुक्रर केले. त्यातला पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ माकडतोंड्या असा होतो! फुलाचे काय पाहून ही उपमा सुचली असेल, ते शास्त्रज्ञच जाणोत. अपत्याचे नाव ठेवताना शास्त्रीय नावाच्या फार खोलात शिरू नये, हे मात्र खरे.

संस्कृतात बकुल हा शब्द झाडासाठी पुल्लिंगी आणि फुलासाठी नपुंसकलिंगी चालतो. अमरकोशाने केसर हा त्याचा पर्याय दिला आहे. मराठीत येताना ‘ल’चा ‘ळ’ झाला आणि बोलण्यात झाड बहुधा स्त्रीलिंगी झाले. अंगणात फुलते ती बकुळ. म्हणजे एकाच शब्दाची तिन्ही लिंगे भारतीय भाषांत नांदत आली आहेत. झाडाचे लिंग ही व्याकरणाची सोय आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे येथेच ध्यानात यावे.

संस्कृत कवींनी या झाडाला बायकांच्या सान्निध्यात आणून बसवले, ही गोष्ट खरी. वृक्षांनाही डोहाळे लागतात आणि ते पुरवल्याशिवाय ते फुलत नाहीत, असा कविसंकेत होता. अशोकाला सुंदरीच्या पायाचा आघात हवा, बकुलाला तिच्या मुखातील मद्याचा शिडकावा. ‘मेघदूता’तील यक्षाच्या घरी तांबडा अशोक आणि केसर अशी दोन झाडे शेजारी शेजारी आहेत, डोहाळ्यांचे निमित्त करून त्या दोघांनाही यक्षपत्नीकडून हवे ते हवे आहे, आणि यक्षालाही तेच हवे आहे. ‘मालविकाग्निमित्रा’त नायिकेच्या सखीचेच नाव बकुलावलिका. अशोकाचे डोहाळे पुरवायला मालविका निघते तेव्हा तिचे पाय रंगवण्याचे काम या बकुलावलिकेकडे येते. एका झाडाचे डोहाळे दुसऱ्या झाडाच्या नावाच्या मुलीने पुरवायला लावण्यात कालिदासाचा मिस्किलपणा दिसतो. परंतु विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीकडे वळले की चित्र बदलते. ‘मालतीमाधवा’त बकुळीच्या गळून पडलेल्या फुलांची माळ गुंफत बसतो तो नायक माधव. ती माळ पुढे मालतीकडे जाते आणि नाटकाच्या अखेरीस ओळखीची खूण म्हणूनही तीच उपयोगी पडते. फुले वेचणारा आणि ओवणारा पुरुष भवभूतीच्या प्रेक्षकांना हास्यास्पद वाटला नसावा.

दक्षिणेत तर हे नाव थेट एका महापुरुषाला चिकटले आहे. तमिळ वैष्णवांच्या बारा आळवारांतील अग्रगण्य, नम्माळवार, यांचे एक नाव वकुलाभरण असे आहे. बकुळीची माळ हे ज्यांचे भूषण ते वकुलाभरण. त्याच वैष्णव परंपरेत तिरुपतीच्या श्रीनिवासाला मातेच्या मायेने सांभाळणारी ती बकुलादेवी. एका संप्रदायाच्या आठवणीत एकच फूल संतकवीच्या गळ्यात आहे आणि मातेच्या नावात आहे. त्या संप्रदायाला यात विसंगती वाटली नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात शंकराची सहस्र नामे आहेत, त्यांच्या काही पाठांत बकुल हेही एक नाम आढळते.

पण या नावाची सर्वांत रंजक कथा बौद्ध वाङ्मयात आहे. बुद्धाच्या शिष्यांत निरोगीपणात अग्रेसर म्हणून ज्याची गणना होते, तो स्थविर बक्कुल. मज्झिमनिकायात त्याच्या नावाचे एक सुत्तही आहे. अट्ठकथेत त्याच्या जन्माची गोष्ट येते ती अशी. कौशांबीच्या एका श्रेष्ठीच्या घरी तो जन्मला. तान्ह्या बाळाला यमुनेत न्हाऊ घालत असताना एका माशाने त्याला गिळले. तो मासा वाहत वाराणसीला गेला, जाळ्यात सापडला, आणि तेथल्या एका निपुत्रिक श्रेष्ठीच्या पत्नीने तो विकत घेतला. मासा चिरला तो आत जिवंत मूल! बातमी कौशांबीला पोचली, जन्मदात्री आई धावत आली, आणि हे मूल कोणाचे हा वाद राजापर्यंत गेला. राजाने निवाडा दिला, की मूल दोन्ही घरांचे. दोन कुळांचा म्हणून तो बाकुल. मराठी माणसाला यातला ‘बा’ ओळखता येईल. बारा, बावीस, बावन्न यांत दोन या अर्थाने तोच दडलेला आहे.

भाषाशास्त्राच्या तराजूत ही व्युत्पत्ती टिकणार नाही. नाव आधी पडते आणि त्याची गोष्ट मागाहून रचली जाते, याचा हा उत्तम नमुना आहे. तथापि लोकांनी नावाला दिलेला अर्थ हाही नावाचाच भाग होतो. लडाखमध्ये या स्थविराच्या अवताराची परंपरा मानली जाते. त्या परंपरेतील कुशोक बकुला रिंपोछे लोकसभेचे सदस्य होते, १९९० ते २००० या काळात मंगोलियात भारताचे राजदूत होते आणि २००३ मध्ये निवर्तले. लेहचा विमानतळ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लडाखी माणसाला बकुला हे नाव बायकी आहे असे कोणी सांगू गेले, तर तो सांगणाऱ्याच्या अज्ञानाची कीव करील.

अर्वाचीन काळात आले तरी हाच प्रकार. मराठी रसिकांना बकुल पंडित या गायिकेचे नाव नाट्यसंगीतामुळे परिचित आहे. गुजराती वाचकाला बकुल म्हटले की बकुल त्रिपाठी आठवतात. ते त्या भाषेतले नामांकित विनोदी लेखक. आणि बंगाली वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते आशापूर्णा देवींची बकुल : ‘प्रथम प्रतिश्रुती’ आणि ‘सुवर्णलता’ यांच्या पाठोपाठ १९७४ मध्ये आलेल्या ‘बकुलकथा’ या कादंबरीची लेखिका-नायिका. मुंबई-अहमदाबाद हे अंतर एका रात्रीच्या गाडीचे. तेवढ्यात बकुल या नावाचे लिंग बदलून जाते. हे लिंग शब्दात असते तर गाडीत बदलले नसते. ते ऐकणाऱ्याच्या सवयीत आहे. सुमन हे नाव महाराष्ट्रात मुलीचे आणि बंगालात मुलाचे. कमल हे नाव मराठीत कमल देसाई यांच्यासारख्या कथालेखिकेचे आणि तमिळनाडूत कमल हासन या नटाचे. ही उदाहरणे डोळ्यांसमोर असताना, दोघांना चालणारे नाव ही परकी कल्पना आहे असे म्हणणे धाडसाचे आहे.

यावर कोणी म्हणेल, फुलाचे नाव मुलाला शोभत नाही. हा आक्षेप करणाऱ्याने आपल्याच नातेवाइकांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. अरविंद म्हणजे कमळ, राजीव म्हणजे कमळ, पंकज आणि नीरज म्हणजेही कमळच. सरोज म्हणजे देखील कमळ; पण ते नाव मराठीत बहुधा मुलीला मिळाले. तळे एक, चिखल एक, फूल एक. त्यातली पाने कोणाच्या वाट्याला आणि पाकळ्या कोणाच्या, हे कसे ठरले याला काही शास्त्र नाही. अशोक आणि चंपक ही नावेही फुलझाडांचीच. सगळ्यांत मौजेचे उदाहरण शिरीषाचे. संस्कृत कवितेत शिरीषाचे फूल म्हणजे सुकुमारतेची परिसीमा. स्त्रीच्या अंगांना द्यायची ती उपमा, तिच्या कानावर खोवायचे ते फूल. महाराष्ट्रात मात्र शिरीष हा भारदस्त मिशा ठेवतो, कचेरीत साहेब होतो आणि त्याच्या नावाला कोणी हसत नाही. शिरीषाला जे चालते ते बकुळीला का चालू नये?

दुसरा आक्षेप भाषेच्या सोयीचा आहे आणि तो वरकरणी अधिक वजनदार वाटतो. नावावरून लिंगबोध झाला नाही तर बोलायचे कसे? परंतु या बाबतीत मराठीइतकी सोयीची भाषा विरळा. इंग्रजीत ‘बकुळ केम’ म्हटले तर आलेली व्यक्ती कोण हे त्या वाक्याला सांगता येत नाही. मराठीत बकुळ आला किंवा बकुळ आली. वाक्य संपेपर्यंत सर्व उलगडा झालेला असतो. लिंग दाखवण्याचे ओझे मराठीने क्रियापदावर, विशेषणावर आणि सर्वनामावर आधीच टाकून ठेवले आहे. ‘माझा किरण’ आणि ‘माझी किरण’ यांत गोंधळ झाल्याचे ऐकिवात नाही. झाड म्हणून बकुळ शब्द चालवताना बकुळीला, बकुळीने असे सामान्यरूप होते. व्यक्तीचे नाव म्हणून चालवताना आजच्या बोलीत बकुळला, बकुळने असेच म्हटले जाईल, मग ती मुलगी असो की मुलगा. व्याकरणाने या नावाची वाट मोकळीच ठेवली आहे. अडवणूक चालली आहे ती व्याकरणाच्या आडून.

जुन्या मराठी नावांकडे नीट पाहिले तर असे दिसते, की नावाच्या गाभ्याला लिंग लावण्याची घाई आपल्या पूर्वजांनाही नव्हती. गंगाराम आणि गंगाबाई, काशिनाथ आणि काशीबाई, तुळशीराम आणि तुळसाबाई, सोनाजी आणि सोनाबाई. मूळ शब्द तोच. पुढे राम, नाथ, जी लागले की पुरुष, बाई लागले की स्त्री. राव, पंत, ताई, आक्का ही त्याच कामाची साधने. गेल्या शतकात शहरी मध्यमवर्गाने हे प्रत्यय जुनाट म्हणून टाकून दिले आणि नाव सुटे केले. प्रत्यय गेल्यावर लिंग दाखवण्याचे काम नावाच्या अखेरच्या स्वरावर येऊन पडले. विजयची विजया, आनंदची आनंदी, जयंतची जयंती. मुलाचे नाव मूळ धरायचे आणि त्याला आकार-ईकाराची झालर लावून मुलीचे करायचे, हा शिरस्ता तेव्हा दृढ झाला. उलट दिशेने एखाद्या मुलीच्या नावावरून मुलाचे नाव घडवल्याची उदाहरणे शोधावी लागतात.

येथे हा विषय हौसेचा राहत नाही. नाव ही वस्तू मुलाच्या आणि मुलीच्या वाट्याला या समाजात कधीच सारख्या मापाने आलेली नाही. धोंडू, दगडू, केरू अशी नावे मुलांना ठेवली जात. पण ती अपत्ये जगत नाहीत म्हणून, दृष्ट लागू नये म्हणून. त्या ओबडधोबड नावांमागे मूल टिकावे ही तळमळ होती. मुलीचे नाव नकुशी ठेवले जाई ते मात्र ती नको होती म्हणूनच. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अडीचशेहून अधिक नकुशींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, तेव्हा ही गोष्ट जगभरच्या वृत्तपत्रांत पोचली. ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. नावाने ही तूट भरून निघत नाही. पण नकुशी या नावात जे बोलले गेले तेच या आकड्यांत न बोलता घडले होते.

सुस्थित घरांतही निराळे काय होते? लग्नात मुलीचे नाव बदलायचे, तबकातल्या तांदळात अंगठीने नवे नाव रेखायचे, आणि वीस-बावीस वर्षे ज्या हाकेला तिने ओ दिली ती हाक माहेरी ठेवून यायची. आडनाव बदलले, मधले नाव बदलले, पहिलेही गेले. जन्मदाखल्यावरची ती मुलगी कागदोपत्री उरलीच नाही. मुलाच्या बाबतीत असा विचारही कोणाच्या मनाला शिवला नाही. दोन्ही कुळांचा उद्धार करण्याची जबाबदारी मुलीवर टाकणाऱ्या समाजाने दोन कुळांत टिकेल असे एक नाव तिच्याजवळ राहू दिले नाही. माशाच्या पोटातून आलेल्या बाकुलाला मात्र दोन घरे मिळाली आणि नाव एकच राहिले. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर स्वतःच्या नावामागोमाग आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम आला. ही उशिरा का होईना, योग्य गोष्ट घडली. पण या चार शब्दांतला मुलाचा किंवा मुलीचा स्वतःचा शब्द पहिला एकच आहे. तो कसा असावा याचा विचार म्हणूनच गांभीर्याने व्हायला हवा.

परदेशातून आलेले खूळ म्हणणाऱ्यांसाठी एक प्रकरण नमूद करण्यासारखे आहे. जर्मनीत मुलाचे वा मुलीचे नाव लिंग स्पष्ट करणारे असावे, अशी नोंदणी अधिकाऱ्यांची दीर्घकाळची भूमिका होती. भारतीय वंशाचा पिता असलेल्या एका कुटुंबाने आपल्या मुलीचे नाव किरण ठेवले. अधिकारी म्हणाले, हे एकटे चालणार नाही. सोबत मुलीचे म्हणून ओळखता येईल असे दुसरे नाव जोडा. प्रकरण तेथील घटनापीठापर्यंत गेले आणि ५ डिसेंबर २००८ रोजी निर्णय झाला. नावावरून लिंग कळलेच पाहिजे असा दंडक कोणत्याही कायद्यात नाही; मुलाच्या हिताला बाध येत असेल तरच आईबापांच्या निवडीत हस्तक्षेप करता येईल. नावांच्या पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अशा वेगळ्या अधिकृत याद्या बाळगणाऱ्या आइसलंडनेही २०१९ च्या कायद्याने ते बंधन काढून टाकले. म्हणजे परदेशांत कालपरवापर्यंत बंदी होती, आणि ती उठवायला एक मराठी-गुजराती-पंजाबी घरांत सर्रास ऐकू येणारे नाव कारणीभूत झाले. ही कल्पना कोणी कोणाकडून उसनी घेतली, ते आक्षेपकांनीच ठरवावे.

नव्या पिढीच्या हौसेतही दोष नाहीत असे नव्हे. नावांच्या ज्या याद्या हल्ली घरोघरी चाळल्या जातात त्यांत अर्थाच्या नावाखाली वाटेल ते छापलेले असते. दोन अक्षरे जुळवायची आणि पुढे ‘देवाची देणगी’, ‘प्रकाश’, ‘अद्वितीय’ यांपैकी काहीतरी लिहायचे, एवढ्यावर काम भागते. ज्या शब्दाला ना धातू, ना प्रयोग, ना एखादे झाड, नदी, डोंगर, असे नाव दुर्मीळ असते हे खरे. पण दुर्मीळपणा हा काही अर्थ नव्हे. नाव ठेवणाऱ्याने किमान एकदा शब्दकोश उघडावा. बकुळ हे नावही दुर्मीळ आहे, आणि ते ठेवणाऱ्याला अर्थ विचारणाऱ्याच्या ओंजळीत नेऊन घालता येतो.

त्याहून मोठा दोष वेगळाच आहे. दोघांनाही चालेल असे नाव हवे असे म्हणणारे आईबाप ते नाव प्रत्यक्षात ठेवतात बहुधा मुलीला. मुलीला मुलासारखे नाव देण्यात पुढारलेपण वाटते, कौतुक होते. मुलीला ‘बेटा’ म्हणून हाक मारणारे वडील मुलाला चुकूनही ‘बेटी’ म्हणत नाहीत. इंग्लंड-अमेरिकेत याचा परिणाम स्पष्ट दिसला आहे. एव्हलिन, बेव्हर्ली, लेस्ली ही एके काळी पुरुषांची नावे. मुलींना ती दिली जाऊ लागली, आणि लोकांनी ती मुलांना ठेवणे हळूहळू सोडून दिले. कादंबरीकार एव्हलिन वॉ यांचे १९२८ मध्ये ज्या तरुणीशी लग्न झाले तिचेही नाव एव्हलिन होते. मित्रमंडळी तो-एव्हलिन आणि ती-एव्हलिन म्हणत. आज तो-एव्हलिन सापडणे कठीण आहे. मुलीचे म्हणून ओळखले गेलेले नाव मुलाला कमीपणाचे वाटते, हीच या सगळ्यातली मूळ मेख आहे. म्हणून बकुळ हे नाव खरोखरच दोघांचे आहे की नाही, याची परीक्षा मुलगी झाली तेव्हा होत नाही. बाळंतपणाआधी हौसेने बकुळ हे नाव ठरवून ठेवले, मुलगा झाला, आणि आजी-आजोबा, शेजारीपाजारी, पुढे शाळेतली पोरे काय म्हणतील हे मनात येऊनही ते बदलले नाही, तर ते दोघांचे.

शाळेतली पोरे चिडवतील, ही भीती अगदीच निराधार नाही. पोरे शिरीषालाही चिडवत असतील आणि धोंडोपंतांना तर खासच चिडवत असतील. चिडवायला नावच लागते असेही नाही. वर्गात एकच बकुळ असेल तर चेष्टा होईल. जिल्ह्यात पाच-पन्नास झाले तर त्याचा किरण होऊन जाईल, आणि मग त्याकडे कोणी मान वळवूनही पाहणार नाही.

राहता राहिला प्रश्न लिहिण्याचा. बकुल लिहावे की बकुळ? संस्कृत, गुजराती, बंगाली, हिंदी या सगळ्यांना ‘ल’ सोयीचा आहे, आणि पुढे नोकरी-शिक्षणासाठी मूल कोठे जाईल याचा नेम नाही, म्हणून पुष्कळ मराठी आईबाप ‘ळ’ टाळतात. रोमन लिपीत दोन्ही एकच दिसतात. तथापि जन्मनोंदणी मराठीतूनही होते, आणि १९६९ च्या कायद्याने नाव न ठरलेल्या बालकाची नोंद आधी करून नाव मागाहून घालण्याची मुभा दिलेली आहे. पहिल्या वर्षात त्यासाठी शुल्कही पडत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून वाहनपरवान्यापर्यंत हाच दाखला मुख्य पुरावा म्हणून लागायचा आहे, तेव्हा जे लिहायचे ते पहिल्याच वेळी नीट लिहून घेतलेले बरे. त्या अर्जात नावाचा रकाना वेगळा असतो आणि लिंगाचा वेगळा. पहिल्यात मराठीतून ‘बकुळ’ असे लिहावे. कारकुनाने ‘ळ’चा ‘ल’ केला तर तो तेथेच दुरुस्त करून घ्यावा, आणि नावापुढे ‘आ’ किंवा ‘ई’ जोडायची आहे का असे त्याने विचारले तर नको म्हणून सांगावे.